सीपॅपचा मास्क मध्यरात्री निघून पडतो, पोट फुगतं: तीन आठवड्यांनंतर नेमकं काय बदलायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ५१, स्लीप स्टडीत एएचआय (झोपेत तासाला किती वेळा श्वास अडतो किंवा उथळ होतो तो आकडा) ४२, म्हणजे तीव्र स्लीप अ‍ॅप्निया, झोपेत घसा मिटून श्वास अडण्याचा आजार. तीन आठवड्यांपूर्वी ऑटो सीपॅप मशीन (मास्कमधून दाबाने हवा सोडणारं आणि तो दाब गरजेप्रमाणे आपोआप बदलणारं) आणलं, प्रेशर ४ ते २० वर ठेवून दिलंय, सोबत फुल फेस मास्क. झोप लागताना गुदमरल्यासारखं होतं. रात्री दोन-अडीचला मास्क उशीशेजारी पडलेला सापडतो. तोंड कोरडंठाक, सकाळी पोट फुगलेलं आणि ढेकरा. मशीनवर सरासरी वापर तीन तास दिसतो. ‘मला हे झेपणार नाही असं वाटतंय, मशीन परत करू का?’

परत करू नका. तुम्ही लिहिलेल्या चारही तक्रारींना ठरावीक कारणं असतात आणि ती शोधता येतात. सीपॅप न जमणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा ‘मनाची तयारी ठेवा, होईल सवय’ एवढंच सांगून घरी पाठवतात. सवयीचा भाग आहेच, पण गळक्या मास्कची आणि चुकीच्या प्रेशरची सवय होत नसते. ते दुरुस्तच करावं लागतं. दुरुस्तीचा क्रमही पाळावा लागतो: आधी मास्क, मग नाक, मग प्रेशर, मग ओलावा. मास्क गळत असताना प्रेशर बदललं तर कशामुळे काय झालं ते कळत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला, तीन-चार रात्री तशीच ठेवा, मग पुढची.

तीन तासांचा वापर का पुरत नाही ते आधी सांगतो, कारण ‘निम्मी रात्र तरी होतेय’ असं समाधान अनेक जण करून घेतात. स्वप्नांची झोप, म्हणजे रेम, रात्रीच्या शेवटच्या तिसऱ्या भागात सगळ्यात जास्त असते. त्या वेळी घशाचे स्नायू सर्वाधिक सैल पडतात, श्वास जास्त वेळ अडतो आणि ऑक्सिजन जास्त खाली जातो. अकराला झोपून दोनला मास्क निघाला तर रात्रीचा सगळ्यात वाईट भाग उपचाराशिवाय जातो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सेव्ह’ या मोठ्या चाचणीत हृदयविकार किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेले २७१७ रुग्ण होते आणि त्यांचा सीपॅपचा वापर सरासरी ३.३ तास होता. दिवसाची पेंग कमी झाली, पण हृदयविकार आणि पक्षाघाताचं प्रमाण घटलं नाही. अपुरा वापर हे त्याचं एक कारण मानलं जातं. ‘चार तास पुरे’ असं जे ऐकू येतं त्याचं मूळ अमेरिकेतल्या मेडिकेअर विम्याच्या नियमात आहे: सलग ३० दिवसांतल्या ७० टक्के रात्री किमान चार तास. मशीनचा खर्च मंजूर करण्यासाठी आखलेली ती रेघ आहे. तुम्ही धरायचं माप साधं आहे, जेवढी झोप तेवढा मास्क. दुपारची डुलकीसुद्धा त्यात आली.

घरात एक गैरसमज हमखास असतो, तोही काढून टाका. या मशीनमधून ऑक्सिजन येत नाही. खोलीतलीच हवा गाळून ती दाबाने आत सोडली जाते आणि त्या दाबामुळे घशाच्या मऊ भिंती मिटत नाहीत, एवढंच तिचं काम. त्यामुळे ‘फुप्फुसं आळशी होतील’ किंवा ‘एकदा लावलं की सुटत नाही’ या भीतीला आधार नाही. मशीन बंद केलं की पूर्वीचा आजार पूर्वीसारखाच परत दिसतो. चष्मा काढल्यावर नंबर परत दिसावा तसं.

मास्क: निम्म्याहून जास्त तक्रारी इथेच संपतात

दुकानात खुर्चीवर बसवून, मशीन बंद ठेवून मास्कचं माप घेतलं असेल तर ते माप धरू नका. आडवं झाल्यावर गालांचं मांस बाजूला सरकतं, जबडा मागे जातो, चेहऱ्याचा आकार बदलतो. मास्क नेहमी पलंगावर, तुम्ही ज्या कुशीवर झोपता त्या कुशीवर आणि मशीन चालू ठेवून बसवायचा. बऱ्याच मशीनमध्ये ‘मास्क फिट’ नावाची सोय असते. ती चालू केली की मशीन थोडा वेळ झोपेतल्यासारखं प्रेशर देतं, म्हणजे रात्री तीन वाजता होणारी गळती रात्री साडेदहालाच दिसते.

बसवायची पद्धत अशी. चेहरा साबणाने धुऊन कोरडा करा, क्रीम किंवा तेल लावू नका. सगळ्या पट्ट्या सैल करून आडवे व्हा. कुशन चेहऱ्यावर टेकवा, हेडगिअर डोक्यावरून घ्या, खालच्या क्लिपा लावा. मशीन चालू करा. आता मास्क दोन बोटांनी चेहऱ्यापासून सेंटिमीटरभर उचला आणि हळूच परत ठेवा. सिलिकॉनच्या कडेला आत वळलेली एक पातळ पाकळी असते. ती हवेने फुगून चेहऱ्याला चिकटते आणि खरी सील तीच करते. यानंतर आधी वरच्या पट्ट्या दोन्ही बाजूंनी सारख्या ओढा, मग खालच्या, गळती थांबेल इतपतच. पट्टी आणि गाल यांच्यामध्ये दोन बोटं सहज गेली पाहिजेत. कूस बदलून दोन्ही बाजूंनी तपासा.

गळतंय म्हणून पट्ट्या आवळत जाणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. आवळलं की ती पाकळी चेपते, फुगू शकत नाही आणि गळती वाढते. मग आणखी आवळलं जातं, सकाळी नाकाच्या हाडावर लाल वळ उठतो आणि चार दिवसांत तिथली कातडी सोलवटते. घट्ट केल्याशिवाय सील होतच नसेल तर कुशनचा आकार चुकलाय. विक्रेत्याकडे त्या कंपनीचा माप घ्यायचा कागदी साचा असतो, तो मागून घ्या. एकाच मास्कच्या लहान-मध्यम-मोठ्या मापात कुशनच तेवढं वेगळं असतं, फ्रेम बहुतेकदा तीच चालते. त्यामुळे अख्खा मास्क नव्याने घ्यायची गरज नसते.

आपल्याकडच्या काही गोष्टी मास्कच्या माहितीपत्रकात नसतात. भरघोस मिशी असेल तर नाकाखाली येणारी सिलिकॉनची कड केसांवर बसते आणि हवा सुटते. मिशी ठेवायचीच असेल तर नाकपुड्यांत टेकणारा नेझल पिलो मास्क वापरून पाहा. रात्री डोक्याला तेल चोपडून झोपायची सवय असेल तर हेडगिअर सैल पडतं आणि सिलिकॉन लवकर पिवळं-कडक होतं. तेल सकाळी अंघोळीआधी लावा. घरातल्या कुणा बाईंना मशीन लागलं असेल तर चमकी आणि नथ रात्री काढायला हवी, आणि अंबाड्याऐवजी सैल वेणी घालावी म्हणजे मागची पट्टी जागेवर राहते. कवळी असेल तर कवळी काढून मास्क बसवा, कारण झोपताना ती काढलेलीच असते आणि गाल आत जातात. मास्कच्या क्लिपांत लोहचुंबक असेल आणि तुम्हाला किंवा शेजारी झोपणाऱ्याला पेसमेकर किंवा शरीरात बसवलेलं तत्सम उपकरण असेल तर तो मास्क वापरू नका. कंपन्यांनीच ही सूचना दिलेली आहे.

आता तुमच्या फुल फेस मास्कबद्दल. नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा हा मास्क अनेकदा ‘कुणालाही चालतो’ म्हणून सरसकट दिला जातो. मला ते पटत नाही. त्याची कड सर्वात लांब, म्हणून गळायच्या जागा सर्वात जास्त. खालची पट्टी हनुवटीला मागे दाबते आणि जबड्यासोबत जीभही मागे जाते, त्यामुळे तोच घसा उघडा ठेवायला जास्त प्रेशर लागू शकतं. एक चाचणी करा. तोंड मिटून, फक्त नाकाने श्वास घेत घरात पाच मिनिटं चाला. त्रास झाला नाही तर नाकाचा मास्क पहिली निवड असायला हवी. विक्रेत्याकडून आठवडाभर चाचणीसाठी मिळतो का ते विचारा. पाच मिनिटं जमलं नाही तर आधी नाक मोकळं करायला हवं.

नाक

दुपारी नाक मोकळं वाटतं आणि आडवं झालं की एक बाजू बंद होते, असं पुष्कळांचं असतं. झोपण्याआधी मिठाच्या पाण्याने नाक धुणं हा त्यावरचा सर्वात स्वस्त उपाय. जलनेती येत असेल तर तीच करा, पण पाणी उकळून कोमट केलेलं हवं, नळाचं थेट नाही. मिठाचं प्रमाण अर्ध्या लिटरला साडेचार ग्रॅम, साधारण एक सपाट छोटा चमचा जरा कमी भरून. अ‍ॅलर्जीची सर्दी असेल तर डॉक्टर स्टेरॉइडचा नाकातला स्प्रे देतात. त्याचा पूर्ण परिणाम दिसायला एक-दोन आठवडे लागतात, म्हणून तीन दिवसांत ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडू नका. स्प्रे मारताना नळीचं टोक नाकाच्या मधल्या पडद्याकडे न धरता त्याच बाजूच्या कानाकडे धरा, नाहीतर पडद्याला जखम होऊन रक्त येतं.

झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब मात्र तीन ते पाच दिवसांपलीकडे नकोत. ते लगेच नाक उघडतात म्हणून रोज रात्री घातले जातात, आणि आठवड्याभरात नाक थेंबांशिवाय उघडेनासं होतं. हाड वाकडं असेल किंवा पॉलिप (नाकातली मऊ गाठ) असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. नाकाच्या ऑपरेशनने अ‍ॅप्निया सहसा जात नाही, पण मशीन वापरणं खूप सोपं होतं.

नाकाचा मास्क लावूनही तोंड उघडत असेल तर लगेच हनुवटीची पट्टी घेऊ नका. आधी नाक आणि प्रेशर नीट करा, तोंड पुष्कळदा आपोआप मिटतं. तोंडाला चिकटपट्टी लावायचे व्हिडिओ फिरत असतात. नाक बंद असणाऱ्याने, रात्री उलटी किंवा पित्त वर येणाऱ्याने तो प्रयोग मुळीच करू नये.

प्रेशर: गुदमरणं आणि पोट फुगणं यांचं मूळ इथे असू शकतं

मशीनचं प्रेशर पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात. ४ ते २० ही मशीनची जास्तीत जास्त पट्टी आहे, तुमच्यासाठी ठरवलेली नाही. कारखान्यातून येताना मशीन तसंच असतं आणि पुष्कळदा तसंच हातात दिलं जातं.

४ वर सुरुवात सौम्य वाटेल असं वाटतं, प्रत्यक्षात धडधाकट बांध्याच्या माणसाला तिथे हवा पुरत नाही. मास्कमध्ये कोंडल्यासारखं होतं, जोर लावून श्वास ओढावा लागतो. तुम्हाला झोप लागताना जे गुदमरणं जाणवतं त्याचं सगळ्यात संभाव्य कारण हेच. उपाय उलटा वाटेल असा आहे: प्रेशर वाढवायचं. खालची मर्यादा ६ किंवा ७ केली की बहुतेकांना पहिल्याच रात्री फरक कळतो. ‘रॅम्प’ (सुरुवातीला प्रेशर कमी ठेवून ते हळूहळू वाढवणारी सोय) चालू असेल तर त्याची सुरुवातही ४ वरून उचलून घ्या, नाहीतर खालची मर्यादा वाढवूनही पहिली वीस-तीस मिनिटं तुम्ही ४ वरच अडकून राहाल.

दुसरा मुद्दा ऑटो मशीनच्या स्वभावाचा. घसा मिटायला लागल्यावर मशीन प्रेशर वाढवतं, पण हळूहळू, मिनिटा-मिनिटाने. ४ वर बसलेल्या मशीनला ११ वर पोचेपर्यंत चार-पाच वेळा श्वास अडून गेलेला असतो. मग ते वर जातं, गळती सुरू होते, आवाज होतो, झोप मोडते आणि अर्धवट झोपेत हात मास्क काढून टाकतो. रेम सुरू होते तेव्हा हा खेळ सर्वाधिक रंगतो, म्हणजे तुम्ही सांगितलेल्या दोन-अडीचच्या आसपासच. मशीनच्या अहवालात ‘९५ टक्के प्रेशर’ नावाचा आकडा असतो (काही कंपन्या ९० टक्के दाखवतात). रात्रीचा ९५ टक्के वेळ प्रेशर त्या आकड्याच्या आत होतं, असा त्याचा अर्थ. समजा तो ११ आहे. मग ८ किंवा ९ ते १३ अशी अरुंद पट्टी पुष्कळदा ४ ते २० पेक्षा जास्त शांत झोप देते. हा बदल स्वतः बटणं दाबून करू नका. अहवाल घेऊन डॉक्टरांकडे किंवा स्लीप लॅबच्या तंत्रज्ञाकडे जा आणि नेमकं विचारा: ‘९५ टक्के प्रेशर किती आहे, आणि त्यानुसार खालची-वरची मर्यादा किती ठेवायची?’ एवढं विचारलंत तर दहा मिनिटांत काम होतं. मात्र अहवालातल्या रात्री गळक्या असतील तर तो आकडा खोटा येतो. म्हणूनच मास्क आधी.

श्वास सोडताना समोरून हवेचा रेटा जाणवत असेल तर त्यासाठी वेगळी सोय आहे. रेसमेडच्या मशीनमध्ये तिला ईपीआर म्हणतात, फिलिप्समध्ये फ्लेक्स. ईपीआर १, २ किंवा ३ वर ठेवलं की श्वास सोडताना प्रेशर तेवढ्या सेंटिमीटरने उतरतं. मशीन ४ च्या खाली जाऊ शकत नाही, त्यामुळे प्रेशर ४ असताना ईपीआर ३ ठेवूनही काहीच होत नाही. ७ असेल तर पूर्ण ३ मिळतात. खालची मर्यादा उचलायचं हे आणखी एक कारण.

पोट फुगणं म्हणजे हवा अन्ननलिकेतून पोटात जाते आहे. प्रेशरच्या अचानक चढाया, तोंडातून गळती झाल्यावर पुन्हा पुन्हा गिळणं आणि पित्ताचा त्रास ही त्याची नेहमीची कारणं. वरची मर्यादा २० वरून योग्य जागी आणणं, ईपीआर वाढवणं आणि गळती थांबवणं या तिन्हींनी बहुतेकांचं पोट उतरतं. जोडीला रात्रीचं जेवण झोपण्याआधी तीन तास, डाव्या कुशीवर झोप, आणि पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली चार-सहा इंचाचे ठोकळे. जास्तीच्या उशा नकोत. उशांनी मान पुढे वाकते, हनुवटी छातीला टेकते आणि घसा आणखी मिटतो. पाठीवर झोपल्यावर जास्त प्रेशर लागतं, म्हणून कुशीवर झोपायची सवय इथे दुहेरी कामाला येते.

ओलावा आणि पाणी

कोरडं तोंड हे पुष्कळदा ह्युमिडिफायरच्या (हवा ओलसर करणारी मशीनची पाण्याची टाकी) नव्हे तर गळतीच्या खात्यातलं असतं. गळती थांबवूनही कोरडेपणा उरला तर ओलावा एकेका पायरीने वाढवा. १ ते ८ अशा पट्टीवर ४ ही सुरुवात ठीक. कोकणात पावसाळ्यात २ सुद्धा पुरतं. विदर्भ-मराठवाड्यात हिवाळ्यात किंवा रात्रभर एसी चालू असेल तर ५-६ लागतं. ओलावा जास्त झाला आणि खोली थंड असली की वाफेचं नळीतच पाणी होतं, गुरगुर आवाज येतो आणि थेंब नाकावर पडतात. तेव्हा एक पायरी कमी करा, नळीवर कापडी खोळ चढवा किंवा गरम होणारी नळी घ्या. मशीन उशीच्या पातळीपेक्षा खाली, छोट्या स्टुलावर ठेवा, म्हणजे नळीतलं पाणी परत मशीनकडे उतरतं. जमिनीवर मात्र नको, झाडूची धूळ थेट आत जाते.

टाकीत डिस्टिल्ड वॉटर घाला, मेडिकलमध्ये पाच लिटरचे कॅन मिळतात. पेट्रोल पंपावरचं बॅटरीचं पाणी श्वासासाठी बनवलेलं नसतं, ते नको. एखादी रात्र अडलं तर उकळून गार केलेलं आरओचं पाणी चालेल. बोअरचं पाणी घातलंत तर आठवड्यात तळाला पांढरा थर बसतो. तो काढायला एक भाग व्हिनेगर आणि नऊ भाग पाणी अर्धा तास ठेवून खळखळून धुवा. रोज सकाळी उरलेलं पाणी ओतून द्या, त्यावर रात्री नवीन भर घालू नका. टाकी भरलेली असताना मशीन उचलू नका, तिरकं झालं की पाणी मोटरमध्ये जातं.

स्वच्छतेचं फार अवडंबर लागत नाही. कुशन रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसा, कारण चेहऱ्याच्या तेलकटपणामुळेच सील सुटते. नळी, टाकी आणि मास्क आठवड्यातून एकदा कोमट पाण्यात भांड्याच्या सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवा. डेटॉल, ब्लीच, उकळतं पाणी आणि कडक ऊन, चारही नकोत. ओझोनने साफ करणारी यंत्रं टाळा. मागच्या फिल्टरबद्दल कंपनी सहा महिने म्हणते, पण आपल्याकडच्या धुळीत तो महिन्याला काढून बघा आणि काळपट झाला की बदला. मच्छर कॉइल, धूप आणि उदबत्ती मशीनच्या खोलीत पेटवू नका. मशीन खोलीतली हवाच ओढतं.

मध्यरात्री काढला जाणारा मास्क

यासाठी आधी गळतीचा आलेख बघा. मशीनमध्ये एसडी कार्ड असेल तर ‘ऑस्कर’ नावाचं मोफत सॉफ्टवेअर बहुतेक मशीनचा तपशील मिनिटागणिक दाखवतं. मास्क निघण्याआधीच्या वीस मिनिटांत काय झालं ते शोधा. गळतीची रेघ टोकदार उसळ्या मारत असेल तर मास्क सरकतोय. पठारासारखी वर जाऊन तिथेच टिकली असेल तर तोंड उघडलंय. गळती शांत आहे पण प्रेशर चढत-चढत गेलंय, तर मर्यादांचा प्रश्न. तिन्ही शांत असतील तर कारण अंगावरचं आहे: नाक बंद होणं, पट्टी टोचणं, उकडणं. रेसमेडच्या मशीनवर गळती मिनिटाला २४ लिटरच्या आत हवी. मास्कच्या छिद्रांतून मुद्दाम सोडलेली हवा त्यात धरलेली नसते. काही कंपन्या दोन्ही मिळून आकडा दाखवतात, म्हणून एकाच्या आकड्याची दुसऱ्याशी तुलना करू नका. आणि ती छिद्रं पांघरुणाने झाकू नका, सोडलेला श्वास तिथूनच बाहेर जातो.

सोबत दिवसाचा सराव ठेवा. मास्क ही फक्त झोप न येण्याची जागा झाली की तो हातात घेतल्याबरोबर छाती धडधडते. संध्याकाळी टीव्ही बघताना आधी नुसता मास्क हाताने धरा, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पट्ट्या लावून आणि मशीन चालू करून वीस मिनिटं बसा, मग दुपारी आडवे होऊन. घाबरं झालं तर मास्क काढायची पूर्ण मुभा आहे, पण शांत झाल्यावर दोन मिनिटांसाठी का होईना परत लावून मगच थांबा. शरीराला शेवटची आठवण शांततेची राहिली पाहिजे. रात्री मास्क लावून अर्धा तास झोप आली नाही तर उठून बाहेर बसा, पेंगुळल्यावर परत या. मास्क निघाल्याचं लक्षात आलं की कितीही वाजले असोत, परत लावा. मशीनमध्ये मास्क निघाल्यावर वाजणारी सूचना असेल तर काही दिवस चालू ठेवा. मध्येच जाग येऊन प्रेशर फार वाटलं तर मशीन बंद करून पुन्हा चालू करा, ते खालून सुरुवात करतं.

पहिल्या काही रात्री स्वप्नं खूप आणि ठळक पडतात. साठलेली रेम झोप शरीर भरून काढत असतं. रात्री लघवीला उठणं कमी होतं, ही सुधारणा लोकांना सगळ्यात आधी जाणवते. बंद घशातून श्वास ओढताना छातीत जो ताण पडतो त्याने हृदयातून लघवी वाढवणारं संप्रेरक सुटत असतं. तो ताण गेला की उठणंही घटतं.

वीज आणि प्रवास

वीज गेली तर? फुल फेस मास्कमध्ये एक झडप असते, ती प्रेशर थांबताच उघडून बाहेरची हवा आत येऊ देते. कोपराजवळची ती छोटी पाकळी धुताना तपासत जा. तिच्यावर थर बसून ती चिकटली तर मास्क वापरू नका. नाकाच्या मास्कमध्ये तोंड मोकळं असतंच. घरच्या इन्व्हर्टरवर मशीन चालतं, तो शुद्ध साइन वेव्हचा असावा. १५० एएच, १२ व्होल्टच्या बॅटरीत कागदावर १८०० वॅट-तास असतात. मशीनने ह्युमिडिफायरसकट सरासरी ६० वॅट घेतले तरी आठ तासांचे ४८० होतात. भारनियमन लांबलं तर ह्युमिडिफायर आणि नळीची उष्णता बंद करा, सर्वात जास्त वीज तेच खातात. रेल्वेत रात्री चार्जिंग पॉइंटवर विसंबू नका, वेगळी बॅटरी न्या. विमानात मशीन हातातल्या सामानात, टाकी रिकामी, आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत.

डॉक्टरांकडे कधी

मास्क न गळता, सहा-सात तास वापरूनही मशीनवरचा एएचआय ५ च्या खाली येत नसेल तर जा. त्यातले ‘सेंट्रल’ किंवा ‘क्लिअर एअरवे’ नावाखालचे आकडे वेगळे विचारा. तिथे घसा बंद नसतो, श्वास घ्यायची आज्ञाच उशिरा येते, आणि प्रेशर वाढवून ते सुधारत नाहीत. नव्या माणसात हे पुष्कळदा काही आठवड्यांत आपोआप ओसरतात, टिकले तर तपास हवा. वापर चांगला असूनही सकाळी डोकं जड राहणं आणि दिवसा गुंगी, विशेषतः वजन खूप असेल तर, कार्बन डायऑक्साइड साठत असल्याचं लक्षण असू शकतं. तेव्हा बायपॅपची (श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी प्रेशर देणारं मशीन) गरज आहे का ते तपासावं लागतं. नाकातून वारंवार रक्त, कानात तीव्र दुखणं, छातीत अचानक कळ यांसाठी थांबू नका. नुकतंच मेंदूचं किंवा सायनसचं ऑपरेशन झालं असेल, किंवा पूर्वी फुप्फुसाभोवती हवा साठली असेल, तर मशीन लावण्याआधीच सांगा. दारू आणि झोपेच्या काही गोळ्या घसा आणखी सैल करतात, म्हणून कुठली गोळी चालू आहे तेही सांगा. दिवसा पेंग येत असेपर्यंत लांबचं वाहन चालवू नका. आणि कुठलंही ऑपरेशन ठरलं, अगदी दाताचं गुंगी देऊन करायचं असलं तरी, भूल देणाऱ्या डॉक्टरांना स्लीप अ‍ॅप्निया आहे हे आधी सांगा आणि मशीन-मास्क पिशवीत घालून दवाखान्यात सोबत न्या.